समुद्रावरच्या विजा

माझा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला, त्या दिवशी दौंडला ऊन होतं. तो मालवाहू जहाजावर खलाशी होता.

आमच्या शेजारचे आप्पा, मी शिकवतो त्या कॉलेजच्या गच्चीवरचं वीज टिपणारं यंत्र सांभाळतात. पार अरबी समुद्रावर पडलेल्या विजांचे ठिपकेही त्यांच्या मोबाइलवर उमटतात. बोलता बोलता ते थांबायचे, मान तिरकी करायचे आणि हळूच म्हणायचे, "पडली." वर पाहावं तर ढगही नसायचा. मग राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं चालू व्हायचं. मला त्या थांबण्याची भीती वाटे.

त्या दुपारी ते कुंपणापाशी आले.

"सर, धाकटं कुठवर आलंय?"

"वादळाच्या कडेला आहे. ते मंदावलंय, असं काल म्हणाला."

"कालचं ऱ्हाऊ द्या. आज वादळाच्या डोळ्याभवती एकदम इजा दाटल्यात. असं झालं म्हंजी ते जोर धरतं."

"नेहमीच?"

"न्हाई. कवा कवा उलटंबी व्हतं. तुम्ही फोन तर लावा."

फोन लागला नाही.

आप्पांचे आजोबा मेंढरं राखायचे. विजा कडाडू लागल्या की त्यांच्याकडे अंगणात लोखंड टाकतात, म्हणजे वीज माणसावर येत नाही. आप्पा घरात गेले, कोयता घेऊन आले आणि आमच्या अंगणात, भर उन्हात, तो जमिनीवर ठेवला.

"हसू नगा, सर," ते म्हणाले.

मी हसलो नाही.

तो कोयता अजून आमच्या अंगणात आहे. आप्पा तो मागत नाहीत.