भिंतीपाशी बसलेलं मांजर

भाजीवाला कसा शिंकला हेसुद्धा मी अर्धा तास रंगवून सांगतो. ही गोष्ट मात्र कुठल्याच बैठकीत काढलेली नाही. बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

सुहास माझा मित्र, मुलुंडचा. दोघांना एकच खूळ — जपानी प्रायोगिक फिल्म्स, ज्या जपानमध्येही फारशा कुणी पाहिल्या नसतील. दोघांच्याही घरी कुठून कुठून मागवलेल्या कॅसेटी. मी जमवायचो, तो बघायचा. फरक आहे ना?

मग काचबिंदूनं त्याची नजर गेली. दर रविवारी मी घाटकोपरहून जायचो, कॅसेट लावायचो आणि टीव्हीवर काय दिसतंय ते त्याला सांगायचो. कंटाळा यायचा. हे तरी आधी कबूल करतो.

त्याची सगळ्यांत लाडकी फिल्म मूक होती. एक भिंत, तिच्यावरून सरकणारं ऊन. बस्स.

"ऊन खिळ्यापाशी आलं का रे?"

आलं, म्हणायचो.

"आता?"

आता तिथंच. असं किती वेळ सांगणार हो? एका रविवारी जीभ वळवळलीच — "आणि हे मांजर."

"कुठलं मांजर?"

"खाली, कोपऱ्यात. आलं, बसलं, गेलं."

मला वाटलं, शिवी घालेल. पण तो स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला म्हणाला, "नीला, ऐकलंस? इतकी वर्षं बघतोय आणि मला मांजर दिसलं नाही. डोळे होते तेव्हाही आंधळाच होतो की मी."

वहिनी हसल्या. मीही हसलो. गंमत केली यार — एवढंच तर म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? त्याला ते मांजर पटलं होतं. माझी थाप कुणाला पटली, की मला फार बरं वाटतं — तेव्हाही वाटलं.

पुढच्या रविवारी त्यानं फिल्म लावायला सांगितलीच नाही. चहा झाल्यावर मला कपाट उघडायला लावलं.

"घेऊन जा सगळं. मी नुसता समोर बसायचो रे. तुला दिसतं."

मी नको नको म्हणालो — थोडंसं. त्यातल्या काही कॅसेटींवर माझा कधीपासून डोळा होता. मग वहिनींकडून पिशव्या मागून घेतल्या, भरल्या, रिक्षा थांबवली. आणि रिक्षा सुटायच्या आत पिशव्यांत हात घालून भिंतीची कॅसेट वहिनींच्या हाती लागायला मागं राहिली नाही ना, ते आधी पाहून घेतलं.