पळसाच्या द्रोणात काळी बिअर

पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये मी बिअर बनवायचो. जर्मन पद्धतीची काळी, कडक लागर ही माझी स्वतःची पहिली बिअर. दोन महिने थंड टाकीत मुरवली होती. मालकाने घोटभर चाखली आणि म्हणाला, "फार जड आहे. कोण पिणार?" नोकरी सोडायचीच, असं ठरवून एक बाटली पिशवीत टाकली आणि गावाकडे निघालो.

गावाच्या वाटेवर देवरीला चिचगडच्या बसची वाट बघत झाडाखाली बसलो होतो. शेजारी एक म्हातारा पळसाच्या पानांचा भारा घेऊन बसला होता. बोलता बोलता त्याने सांगितलं, घरी पिढ्यान्‌पिढ्या मोहाची दारू काढतात. मग मीही बाटली दाखवली.

त्याने भाऱ्यातल्या पानाचा द्रोण केला. मी ओतल्यावर त्याने आधी दोन थेंब मातीवर सोडले, वास घेतला आणि घोट तोंडात धरून डोळे मिटले.

"करपल्या भाकरीवानी लागते," तो म्हणाला. "पन घाई नाही केली बापू तुनं. घाईची दारू जिभेले समजते."

"मालकाले नाही आवडली."

"त्याले काऊन इचारतेस? पेणाऱ्याले इचार ना!"

बस आली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आठवड्याने पुण्याला परतलो आणि मालकाच्या मागे लागून ती बिअर पबच्या फळ्यावर लिहायला लावली. पहिल्या संध्याकाळी चौघांनीच मागवली. त्यातल्या एका बाईंनी मात्र दुसरा ग्लास मागवला.