मागच्या उजव्या चाकाची धाव

भोकरदनकडून धावड्याला आलात आणि गाडीवाला सुतार कुठं राहतो असं कुणालाही विचारलंत, तर लोक पुंजारामचं घर दाखवतात. खरं म्हणजे शेवटची बैलगाडी करून किती वर्षं झाली, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. आता तो दाराच्या चौकटी करतो, ट्रॉलीला फळ्या ठोकतो, कुणाच्या बाजेचा पाय मोडला तर बसवून देतो. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. लोक गाडीवाला म्हणतात आणि तोही ओ देतो.

गाडीत त्याचा जीव होता, आणि गाडीतही चाकात. लाकडी चाकाच्या कडेनं लोखंडी पट्टी बसवतात, तिला धाव म्हणतात, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. ती बसवणं म्हणजे सुताराच्या आणि लोहाराच्या अब्रूचं काम. चाकापेक्षा थोडं आखूड कडं करायचं, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायचं आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. कडं आवळतं, आरे करकरतात आणि चाक जन्मभरासाठी एक होतं. जन्मभरासाठी म्हणायचं आपलं. पहिला उन्हाळा आला की लाकूड सुकतं, धाव ढिली होते, आणि मालक गाडी घेऊन पुन्हा सुताराच्या दारात येतो. पुंजारामचा बाप अशा वेळी बायकोला हाक मारून सांगायचा, "गाडी माहेराला आली गं, चहा ठेव." बोलायचा चेष्टेनं, पण म्हातारा त्या दिवशी खुशीत असायचा. गाड्या होत्या तोवर पुंजारामनंही ते वाक्य चालवलं.

पायल ही पुंजाराम आणि दैवशालाची एकुलती एक लेक. लाकडाच्या भुशातच रांगली. बापाबरोबर कामाला बसायची, आरे मोजून द्यायची, धाव बसवताना पाणी ओतायचा मान तिचा. पुढं हुशार निघाली, संभाजीनगरला इंजिनिअरिंगला गेली, आणि लॉकडाऊनमध्ये घरी आली ती काखेत एक खोकं मारून. खोक्यात रिमोटवर पळणारी गाडी. उघडी, उंच चाकांची, खडकाळ रानातून उड्या मारत जाणारी. अंगानं कोंबडीएवढी, आणि पहिल्या दिवशी पळाली तीही कोंबड्यांच्याच मागं.

"एवढं शिकवलं ते ह्या खेळण्यापायी का?" दैवशाला म्हणाली.

"आई, आत्ता खेळणंच हाय. तिला शर्यतीची करायची," पायल म्हणाली, आणि बापाकडं बघून पुढं म्हणाली, "अप्पा, करू लागता का?"

पुंजारामनं गाडी उलटी केली, चाक हातानं हलवून बघितलं. चाक डुलत होतं. तो म्हणाला, "आसाच्या भोकातच जीव न्हाई हिच्या. चाक डुलंल न्हाई तर काय करंल?" पायल हसली. तिनं आधीच मागवून ठेवलेले छर्ऱ्यांचे बेअरिंग पुढं केले. झालं, दोघांची बैठक जमली. प्लास्टिकच्या चकत्या गेल्या, बेअरिंग आले. स्प्रिंगच्या जागी तेल भरलेले शॉक आले. मिक्सरसारखी कार्बनवर चालणारी मोटर काढून बिनकार्बनची बसवली. पायल वाचून सांगायची, पुंजाराम कानशीनं घासून बसवायचा. त्या वर्षी जगाचं काय झालं ते झालं. पुंजारामला विचाराल तर तो सांगेल, आपल्या घरात त्याच्याएवढं चांगलं वर्ष आलं नाही.

मग पायलला नोकरी लागली. चेन्नईला, मोटारींच्या कारखान्यात. जाताना तिनं गाडी ट्रंकेवर ठेवली आणि म्हणाली, "ही तुमच्यापाशीच राहू द्या अप्पा. मी आले की आपण पळवू."

ह्या एका वाक्यावर पुंजारामनं पोळे काढले, दिवाळ्या काढल्या. पायलला सुट्टी मिळायची नाही. एकदा एका लग्नाला आली ती दोन दिवसांत परत गेली. रविवारी फोन यायचा. पण बापलेक फोनवर बोलणार काय? जेवलीस का, जेवले. पाऊस हाय का, न्हाई. तिथं गाडी थांबायची. मात्र विषय त्या खोक्यातल्या गाडीचा निघाला की दोघांचाही गळा मोकळा व्हायचा. शॉकमधलं तेल गळतंय, पुढचा दांडा वाकलाय, बॅटरी जल्दी उतरते. पुंजारामला हे उमगल्यावर त्यानं दर रविवारी गाडीत एक तरी बिघाड तयार ठेवला. बिघाड नसला तर शोधायचा, आणि शोधून सापडला नाही तर दैवशाला म्हणायची, "करा की एखादा."

यंदा मात्र पायलचाच फोन आला. पोळ्याला येते म्हणाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जालन्यात काही हौशी पोरांनी अशाच गाड्यांची शर्यत ठेवली होती. पुंजारामनं लगेच गाडी रानात पळवली, व्हिडिओ काढून पाठवला. थोड्या वेळानं पायलचा आवाज आला मोबाइलवर: "अप्पा, एकदम भारी. फक्त मागच्या चाकांची धाव कमी पडतेय, तेवढी बघून ठेवा."

पुंजारामनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. धाव म्हणाली. एवढ्या लांब, कुठल्या कुठल्या भाषेच्या मुलखात राहून पोरीला धाव ध्यानात होती. त्याचे डोळे भरून आले. तो तसाच उठून संपत लोहाराकडं गेला.

संपतनं गाडी बघितली आणि म्हणाला, "रबराच्या चाकाला धाव असती का कुठं?"

"न्हाई म्हणूनच तर कमी पडती म्हणली."

संपतनं भट्टी फुंकली. त्यानं दोन बारीक कडी केली, तापवली, पहिलं कडं चाकावर ठेवलं. चाक होतं प्लास्टिकचं. त्याचा पापड झाला. दोघे थोडा वेळ त्या पापडाकडं बघत बसले. मग पुंजाराम घरी आला, आढ्याला खोचून ठेवलेला जुना आस काढला. धावड्याच्या झाडाच्या चिवट लाकडाचा, त्याच्या आज्यानं घडवलेला. त्याचे तुकडे कापून त्यानं दोन चाकं केली, वाटीएवढी. आरे काड्यांएवढे, पण सगळे बराबर. संपतनं कडी चढवली आणि पुंजारामनं तांब्यानं पाणी ओतलं. करकरलं. कितीतरी वर्षांनी त्याच्या हातात धाव बसलेलं चाक होतं.

पायल पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. चपला काढायच्या आधी विचारलं, "गाडी?" पुंजारामनं फडकं बाजूला केलं. पुढं रबराची चाकं, मागं बैलगाडीची. पायल बघतच राहिली, आणि मग अशी हसत सुटली की दैवशाला चुलीपुढून उठून आली.

"अप्पा, अहो धाव म्हणजे पळणं म्हटलं होतं मी. मागं जोर कमी पडतोय, चाकं कमी फिरतायत. हे काय केलं तुम्ही?"

पुंजारामही हसला. लोक हसले की हसायची त्याची जुनी सवय. पण आत काहीतरी तुटलं. आपण येडे ठरलो ह्याचं त्याला वाईट वाटलं नाही. घागर हातात घेऊन "ओतू का अप्पा" म्हणणाऱ्या पोरीला धाव म्हणजे आता फक्त पळणं आठवत होतं. शब्द तोच, त्यातली गाडी निघून गेली. पायलनं बॅगेतून नवी चाकं काढून बसवली, दातेरी चक्री बदलली आणि गाडी पुन्हा शर्यतीची झाली. लाकडी चाकं दैवशालानं उचलून देव्हाऱ्यात मातीच्या बैलांशेजारी ठेवली. निदान तिथं ती शोभत होती.

जालन्याचं मैदान बघून पुंजाराम हरखला. मुरमाचे उंचवटे, खड्डे, वळणं, आणि सगळीकडून आलेली पोरं खांद्याएवढ्या मचाणावर रिमोट घेऊन उभी. पायल एकटीच मुलगी. गाड्या सुटल्या. पायलची गाडी तिसरी होती, मग दुसरी झाली. शेवटच्या फेरीत एका उंचवट्यावरून उडाली आणि उलटी पडली. चाकं आभाळाकडं करून गरगरत राहिली. उलटी गाडी सुलटी करायला माणसं नेमलेली होती. ती पोचायच्या आत धोतर सावरत पुंजाराम पळाला. त्याचे गुडघे गेल्याला वर्षं झाली होती. त्यानं गाडी सुलटी केली, मागं हात लावून सोडली, आणि दम लागून तिथंच मुरमात बसला. पंचांनी बाहेरच्या माणसानं हात लावला म्हणून पायलला बाद केलं.

"माझ्यामुळं गेली गं," तो म्हणाला.

"जाऊ द्या अप्पा. तुमी कसले पळालात." पायलनं त्याच्या धोतराची धूळ झटकली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडी घरची बोली आली होती. पुंजारामला वाटलं, बाद झालो तेच बरं झालं.

पण परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "गाडी मस्त झालीय अप्पा. चेन्नईत पक्का ट्रॅक आहे, दर महिन्याला शर्यती असतात. मी घेऊन जाते ही. नेऊ ना?"

"ने की," पुंजाराम म्हणाला. "तुझीच हाय."

गाडी चांगली व्हावी म्हणून त्यानं जीव ओतला होता, आणि गाडी एवढी चांगली झाली की आता ती इथं राहायचं कारण उरलं नव्हतं. लेकींचंही असंच होतं, पण ते निदान आधीपासून ठाऊक असतं. गाडी गेली की रविवारी बोलायचं काय? आणि पोरगी यायची ती कशाला? आईबाप होतेच, पण आईबापासाठी कुणी सुट्टी देत नाही, शर्यतीसाठी मागता येते.

सकाळी पायल अंघोळीला गेली तेव्हा तो गाडी घेऊन अंगणात बसला. ही रबरं चाकाला फेविक्विकनं चिकटवावी लागतात, नाहीतर जोरात निसटतात. शर्यतीत सैल झालेली रबरं पुन्हा पक्की करून दे, असं पायलनंच सांगितलं होतं. पुंजारामनं पुढची दोन्ही केली. मागचं डावं केलं. मागच्या उजव्या चाकाचं रबर नीट बसवलं, कड दाबली, आणि नळीचं झाकण लावलं. डिंक लावलाच नाही. उभ्या आयुष्यात त्याच्या अंगणातून ढिल्या धावेचं चाक बाहेर पडलं नव्हतं. बाप असता तर त्यानं कानाखाली ठेवून दिली असती. पुंजारामनं गाडी फडक्यात गुंडाळली आणि खोक्यात ठेवली.

जालना स्टेशनवर रेल्वे हलली तेव्हा पायल दारात उभी होती, खोकं छातीशी धरून. पुंजाराम हात वर करून उभा राहिला, डबे संपेपर्यंत.

नंतरचे रविवार वाईट गेले. जेवलीस का, जेवले. पाऊस हाय का, हाय. पुंजाराम काही विचारीना आणि पायल काही सांगेना. त्याला धाकधूक वाटायची. पोरगी भर शर्यतीत हरली असली तर? आपल्या स्वार्थापायी आपण तिला चार माणसांत खाली बघायला लावलं, असं त्याला वाटायला लागलं. एका रविवारी तो सगळं कबूल करायच्या बेतात होता, तेवढ्यात पायलच म्हणाली,

"अप्पा, मागच्या उजव्या चाकाची धाव ढिली झालीय."

पुंजारामनं फोन कानाशी घट्ट धरला. रबर म्हणाली नाही, टायर म्हणाली नाही.

"बाकीची तीन पक्की हायत," पायल म्हणाली. "एकच सुटली."

"फेविक्विक न्हाई का मिळत तिकडं?" पुंजारामनं कसंबसं विचारलं.

"मिळतंय की. रग्गड मिळतंय." तीच पुढं म्हणाली, "पण इकडं कुणाला धाव बसवता येत न्हाई अप्पा. दिवाळीला घेऊन येते."

फोन ठेवल्यावर पुंजाराम पायरीवर येऊन बसला. मग त्यानं आत हाक मारली, "अगं, गाडी माहेराला येऊन राह्यली. चहा ठेव."

दैवशाला पदराला हात पुसत दारात आली. अंगणात कुणी नव्हतं. दिवाळी अजून लांब होती. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.