पोटातला रेडिओ

अंगणात पोह्याचे पापड वाळत घालून कावळे हाकत बसले होते, तेव्हा रोह्याहून पुतण्याचा फोन आला. "काकी, बाबा गेले." मी म्हटलं, कुठे गेले, धाटावला? रिटायर झाले तरी त्यांचा पाय तिकडेच वळायचा ना... मग पोर रडायला लागलं, तेव्हा मला कळलं.

मधू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. धाटावच्या एका कंपनीत सेफ्टीला होते. टाकीत माल किती भरलाय ते बाहेरून कळावं म्हणून तिथे किरणं सोडणारी एक वस्तू बसवलेली असते म्हणे. ती किरणं भलतीकडे जात नाहीत ना, हे बघायचं भावजींचं काम. त्यासाठी हातात धरायचं एक यंत्र होतं, आपल्या इस्त्रीएवढं. किरणं लागली की टिकटिकायचं, आणि ती कशाची आहेत त्याचं नावसुद्धा पडद्यावर दाखवायचं.

काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्याच्या आजारावर मुंबईच्या डॉक्टरांनी औषध दिलं, रेडिओ-आयोडीन. घरी पाठवताना म्हणाले, थोडे दिवस माणसांपासून लांब राहा, नातीला जवळ घेऊ नका. झालं! आमच्या रामवाडीभर बातमी, हिच्या पोटात रेडिओ हाय. शेजारची कमळ सकाळचा चहा कायम माझ्याकडे प्यायची, ती आता कुंपणापलीकडून ओरडायची, "बरी हायस ना गो?" आणि उत्तर ऐकायच्या आधी आत पळायची. मागच्या खोलीत मी एकटी. बोलल्याशिवाय जिला घास उतरत नाही, तिने भिंतींशी किती बोलायचं?

तेव्हा भावजी साहेबांना विचारून ते यंत्र घेऊन आले. दारात उभे राहून पुढे केलं, तर असं कडकडलं की मीच दचकले. "आयोडीन. वहिनी, तुमचं स्टेशन जोरात लागलंय!" म्हणाले आणि प्लास्टिकची खुर्ची दारातच टाकून बसले. मग शिफ्ट सुटली की यायचे. "वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, नायतर कधीच आलो असतो." आधी यंत्र बघायचे, मग खुर्ची थोडी आत ओढायचे. मी बोलत सुटायची, ते ऐकायचे.

एका संध्याकाळी मधूनच एखादी टिक्, बस. माझं तोंड उतरलं. "अजून वाजतंय की हो!"

"हे नेहमीचं, वहिनी. जमिनीतून, भिंतीतून थोडं येतच असतं. पूर्ण गप्प झालं तर समजायचं सेल गेला." आणि खुर्ची थेट माझ्या खाटेला लावली.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवसही सरले, पण कमळ काही उंबरा ओलांडेना. तिचं बघून सूनबाई नातीला दारातूनच दाखवायची. वाटायचं, आता आपण अशाच लांबून बघायच्या झालो...

भावजींनी कमळला अंगणात बोलावलं. यंत्र माझ्या गळ्याशी धरलं. टिक्... टिक्. मग म्हणाले, "तुमच्या घरातलं मीठ आणा बघू." तिने तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं बीपीचं, कमी सोडियमवालं मीठ, पाकीटच्या पाकीट आणलं. यंत्र टिकटिकायला लागलं, पडद्यावर पोटॅशियम! माझ्या माहेरच्या मिठागरातलं खडेमीठ पुढे केलं, तर त्याचं काहीच नाही.

"कमळताई, वहिनींचा रेडिओ बंद झाला. तुमचा चालू हाय!"

"अगो बाय! मी दोन्ही वेळा खातंय की हे!" कमळ घाबरली.

"खा बिनधास्त. केळ्यातपण असतं, माणसाच्या अंगातपण असतं. त्याला कोण भीत नाय, मग वहिनींनाच कशाला भिता?"

कमळ आधी खजील झाली, मग हसत सुटली. चहा मागितला, माझ्याच हातचा. आणि नात... ती दारात उभ्या सूनबाईच्या हातातून सुटून माझ्या मांडीवर येऊन आदळली. ते वजन अजून मांडीवर आहे.

भावजींचे दिवस उरकून रोह्याहून परत आले, तेव्हापासून मला बोलवतच नव्हतं. परवा सूनबाई झाडायला आली आणि खाटेजवळची ती खुर्ची उचलायला लागली. म्हटलं, राहू दे गो, तिथेच. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. म्हणाली, "आई, बोला की काहीतरी. पूर्ण गप्प झालात तर सेल गेला म्हणतील."

मग बोलायला लागले. तेच हे.