सईच्या गाडीचा शेवटचा प्लग

पहिली आली ती गडमुडशिंगीची शबाना, आमच्या सईची मैत्रीण. मागनं तिचे अब्बा. आणि बायांनो, मी चहा ठेवायच्या आधीच दोघं अंगणात गाडीपाशी जाऊन बसली की!

गाडी म्हंजे माझ्या नातीचं खेळणं, हातभर लांब, पण खरं तेल पिऊन पळणारं. ते इंजिन पेटायला बोटाच्या पेराएवढा प्लग लागतोय. सईनं किती जाळले देव जाणे. आज एकच उरलेला. रडकुंडीला येऊन म्हणती, "आज्जी, हा गेला की गाडी विकणार."

शबाना म्हणाली, "जोरात पळवायच्या नादात तेल सोडायचा स्क्रू किती आवळलायस, बये! तेल कमी पडलं की तापून प्लग जळणारच."

मी म्हटलं, "स्टोव्हात राकेल कमी पडलं की वात जळती, तसंच की हे!"

अब्बा हसले, "व्हय काकू, बराबर."

मग स्क्रू जरा सैल केला. प्लग तापवायला लावलेली बॅटरी इंजिन सुरू झाल्याबरोबर काढली. गाडी धूर सोडत कोंबड्यांमागं पळाली! थांबल्यावर बघितलं, प्लग शाबूत. सईनं मला गच्च मिठी मारली.

तुम्ही कधी नातवंडांच्या खेळण्यापाशी बसून बघितलंयसा का? लई मजा येती.

पावणं येत्या रविवारी परत येतो म्हणाल्यात.