पोरीकडची शीग

माझ्या बहिणीच्या लग्नाला नागभीडकडून एक आचारी आणला होता. नाव कोणी विचारलंच नाही. सगळे त्याला महाराज म्हणायचे आणि तोही तसाच वागायचा. कानावर बिडी, अंगात मळकं बनियन आणि काखेत तुपाचा एक चेंबलेला डबा. त्याचं सगळं माप त्या डब्यात.

किराणावाला मात्र किलोतच बोलणार. म्हणून मी डबा घेऊन काट्यापाशी गेलो. महाराजांनी काठावर टेकडी उभी राहीस्तोवर तांदूळ भरला. मी तळहात फिरवून सपाट केला. त्यांनी पुन्हा शीग लावली.

"महाराज, एका डब्याचे किलो किती धरू, एकदाचं सांगा ना!" मी ओरडलो.

"जेवण पोरीकडचं का पोराकडचं?"

"त्याचा तांदळासंग काय संबंध?"

"पोरीकडचं असन तं शीग लावून. पोराकडचं असन तं हात फिरवून. काट्याले हे समजत नाई, भाऊ."

शीग लावूनच तोललं. लग्नात इतका भात उरला की शेजाऱ्यांच्या गाईंनीही तोंड फिरवलं. तरी नवरदेवाचे काका जाताना म्हणालेच, "पोट काई भरलं नाई बा."

पुढे धाकट्या भावाच्या रिसेप्शनला तेच महाराज, तोच डबा. या खेपेला त्यांनी काही न विचारता हात फिरवला. दुसरी पंगत उठायच्या आत भात संपला. नवरीचे वडील तिसऱ्या पंगतीला बसायचे होते. ते उपाशीपोटीच हात जोडून माझ्यासमोर आले.

"बेस झालं जेवण," म्हणाले.