पहिला पीस

मुलुंडच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत भाऊराव परबांचा गाळा बंद पडला, तो चंद्रप्रकाश साटमने बंद पाडला. हे मी म्हणत नाही, चंदू स्वतः म्हणतो. चहाच्या टपरीवर कुणी नवखा भेटला तरी त्यालाही सांगतो. मी त्याला कितीदा झापलं, की बाबा रे, आता पुरे. पण ऐकेल तर शपथ.

मी सुगंधा. या दोघांच्या समोरचा गाळा माझा. लेथवरून उतरलेल्या पितळी भागांच्या कडांना धार राहते, ती कानशीने काढायची, माल धुवायचा आणि पेट्या भरायच्या, हे आमचं काम. दोघांचाही माल माझ्याकडेच यायचा. त्यामुळे दोघांचे स्वभाव मला पाठ. भाऊराव मूळचे देवगडकडचे, वडील गिरणीत होते. चंदू त्यांच्याच लेथवर शिकला, आणि शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा भाऊंनीच त्याला तिथे बसवला. मध्ये एक भिंत.

आमच्याकडे एक रीत होती. दोघांपैकी कुणाकडे नवं काम आलं, की लेथवरून निघालेला पहिला पीस शेजारच्याने तपासायचा. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, असं भाऊंचं म्हणणं. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी मायक्रोमीटर असायचा. चंदू कधी चुकून म्हणाला, "अंदाजाने बरोबर आहे भाऊ," की ते डाफरायचे, "अंदाज भाजीत घालायचा. इथे मोजायचं."

या रितीला एक पोटनियम होता. पीस बघायचा, माप बघायचं, पण काम कुणाचं ते विचारायचं नाही. ड्रॉइंगवरचं कंपनीचं नाव दुमडून आत घालायचं. दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर डोळा नको, म्हणून. मीसुद्धा एकाच्या मालाबद्दल दुसऱ्याकडे कधी तोंड उघडलं नाही. किती शहाणी माणसं आम्ही! या शहाणपणानेच वाट लावली.

भाऊंचा गाळा चालायचा तो एका बुशवर. अंधेरीच्या एका पंप कंपनीचा पितळी बुश, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणारी छोटी नळी, वर्षानुवर्षं तोच. बाकी किरकोळ कामं येत-जात. बुश होता म्हणून भाऊ होते. चंदूने तेवढ्यात नवीन मशीन घेतलं होतं आणि त्याला पुरेल एवढं काम नव्हतं. मशीन गप्प उभं राहिलं की चंदूला झोप लागायची नाही.

अशात पंप कंपनीत निहार नावाचा नवा खरेदी अधिकारी आला. पोरगा वाईट नव्हता, सगळ्यांना सर म्हणायचा. त्याने ठरवलं, यापुढे सगळे भाग ऑनलाइन उलट्या लिलावाने घ्यायचे. साध्या लिलावात भाव चढतो, यात उतरतो. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि भाव खाली खाली आणायचा. सगळ्यात खाली जाईल त्याला वर्षाचं काम. समोर कोण आहे ते दिसत नाही, फक्त आपला नंबर दिसतो. शेवटच्या मिनिटाला कुणी भाव उतरवला तर वेळ आपोआप वाढते. निहार म्हणे सगळ्यांना सांगायचा, एकदम पारदर्शक पद्धत आहे सर. समोरचा माणूस दिसत नाही ती ही पारदर्शक पद्धत.

कंपनीने नवे कारखाने शोधताना चंदूलाही बोलावलं. बुश भाऊंचा आहे हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं; तो वेगळा झाल्यावर हे काम आलं, पहिला पीस त्याने तपासला त्यालाही वर्षं झाली, आणि नाव तर दुमडलेलं. त्याने कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला, तर समोर दोन्ही शटर अर्धी खाली. आत दिवे चालू, मशीनं बंद. मी माझ्या बायकांना म्हटलंसुद्धा, "आज काय दोघांनी मिळून सत्यनारायण घातलाय की काय?" आम्ही हसलो. आता ते हसू आठवलं की स्वतःचीच चीड येते.

आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. भिंतीच्या अलीकडे चंदू आणि त्याची बायको वनमाला. पलीकडे भाऊ आणि त्यांची मुलगी जान्हवी, दहिसरहून रजा टाकून आलेली. चंदूने आपली मर्यादा ठरवून ठेवली होती, त्याखाली जायचं नाही. पण पडद्यावर लाल अक्षरात 'क्रमांक दोन' आलं आणि तो पेटला. उतरवला भाव, झाला एक नंबर. लगेच पुन्हा दोन. "कोण आहे हा भिकारचोट?" चंदू ओरडला. वनमालाने हात धरला, म्हणाली, "अहो, यात आपलं पितळसुद्धा सुटत नाही." ऐकतो कोण! वेळ वाढत गेली, भाव उतरत गेला. भिंतीपलीकडे भाऊही कुणा अनोळखी माणसाला शिव्या घालत होते. शेवटी भाऊंनी हात टेकले.

चंदू बाहेर आला आणि इस्टेटभर पेढे वाटले. भाऊंनाही दिला. भाऊंनी खाल्ला. काम कसलं, हे रितीप्रमाणे विचारलं नाही.

मग कामाचं ड्रॉइंग आलं, पितळ आलं, चंदूने मशीन लावलं. पहिला पीस फडक्याने पुसून तो भाऊंकडे घेऊन गेला. मी तिथेच होते, त्यांच्या जुन्या ऑर्डरीच्या मालाची पेटी पोचवायला गेले होते. चंदूच्या तळहातावरचा तो बुश मी दारातूनच ओळखला. असे बुश माझ्या हातांनी मी किती घासले असतील! वाटलं, पुढे होऊन चंदूचा हात दाबावा. पण भाऊंनी तो उचलला होता.

त्यांनी बुश उजेडात धरला. मायक्रोमीटर काढला, बाहेरून मोजला, आतून मोजला. पुन्हा मोजला. मग जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "कोणाचो हा?"

"अंधेरीच्या पंपवाल्यांचा, भाऊ. परवाचे पेढे याचेच."

भाऊ स्टुलावर बसले. "म्हणजे समोर तू होतंस?"

चंदूला क्षणभर काही कळलं नाही. मग माझ्या पेटीकडे त्याची नजर गेली, पेटीत तेच बुश. त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. तो म्हणाला, "भाऊ, मी नको म्हणून कळवतो त्यांना. आत्ता फोन करतो."

"आणि मग? उद्या तिसरो कोणतरी घेतलो. तुझा नाव मात्र खराब होतला."

"मग तुम्ही करा. अर्धं तुम्ही, अर्धं मी."

"ह्या भावात?" भाऊ हसले. "हो भाव परवडणा नाय म्हणून तर मी सोडलंय रे. तुका तरी परवडता काय?"

भाऊंनी बुशच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि तो परत दिला. "माप बरोबर आसा. आतली धार मोड जरा. ड्रॉइंगात नाय ता, पण त्यांचा रबरी सील फाटता."

मला तेव्हा रडू आलं. दोघांचाही राग आला. एकदा, फक्त एकदा एकमेकांना विचारलं असतं, तर काय गिऱ्हाईक पळून गेलं असतं?

भाऊंनी थोडे महिने ओढले, मग मशीनं विकली. जाताना खिशातला मायक्रोमीटर काढून चंदूच्या हातात ठेवला. चंदूने तो ड्रॉवरमध्ये टाकला तो टाकलाच. वर्षभर त्याने तोटा सोसून बुश केले. पुढच्या लिलावात तो एकदाच भाव टाकून हात बांधून बसला. काम कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या कारखान्याकडे गेलं. ज्या बुशसाठी भाऊंचा गाळा गेला, तो आज आमच्या इस्टेटीत कुणीच करत नाही.

मध्यंतरी चंदूकडे एक नवं काम आलं. पहिला पीस निघाला आणि तो हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग मला म्हणाला, "चल, दहिसरला जाऊ." मी हातातली कानस टाकली आणि त्याच्या टेम्पोत बसले.

भाऊ जान्हवीच्या घरी गॅलरीत बसले होते. आम्हाला बघून एवढे खूश झाले! पीस घेतला, उजेडात धरला, फिरवला. मग सवयीने हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. त्यांनी चंदूकडे बघितलं. "मायक्रोमीटर आणलंस ना रे?"

चंदूने आणला नव्हता. घाईत ड्रॉवरची आठवणच झाली नाही.

भाऊंनी पीस पुन्हा एकदा डोळ्याजवळ नेला, बोटाने चाचपला आणि परत दिला. म्हणाले, "अंदाजान बरोबर दिसता."

जान्हवीने चहा आणला. आम्ही तो प्यायलो आणि निघालो.  मुलुंड जवळ आल्यावर टेम्पोत चंदू म्हणाला, "सुगंधा, भाऊ अंदाजाने म्हणाले गं." आणि गाडी बाजूला घेऊन रडायला लागला.